कर्ज फिटत नाही तेव्हा

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात घरावर एकच कर्ज आहे, असे क्वचितच दिसते. उदाहरणादाखल एक घर घेऊ. तीन एकर कोरडवाहू जमीन, त्यात कापूस आणि तूर. दसरा झाला की नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. बँकेचे पीककर्ज १,२०,००० रुपये आहे; दोन खरीप हातचे गेल्यामुळे ते नवे-जुने करता आलेले नाही. बायकोच्या नावावर ‘गटाचे’, म्हणजे मायक्रोफायनान्स कंपनीचे ४५,००० आहेत. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम, ८०,००० आहे. दवाखान्यासाठी सावकाराकडून ५०,००० घेतले, दर शेकडा पाच रुपये महिना, आणि त्यापोटी एका एकराचे खरेदीखत करून दिले. शिवाय चुलतभावाने पतसंस्थेकडून ट्रॅक्टरसाठी कर्ज घेतले, त्याला जामीन म्हणून सही केलेली आहे.

जामिनकी सोडली तरी बेरीज २,९५,००० होते. घाबरलेल्या घरात ही सगळी कर्जे एका आकड्यात मिसळून जातात आणि जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याला आधी पैसे दिले जातात. पहिली गल्लत तिथेच होते. कायद्याच्या नजरेत ही पाच देणी पाच वेगळ्या प्रकारची आहेत. एकाची मुदत वाढवून मिळू शकते. एकाच्या वसुलीला वेळेचे आणि वागण्याचे बंधन आहे. एक देणे काही परिस्थितीत पूर्णपणे रद्द होते. एकासाठी सावकाराकडे परवाना नसेल, तर न्यायालय त्याला हुकूमनामाच देत नाही. आणि एक देणे स्वतः पैसा न वापरताही पूर्णपणे आपल्या अंगावर येऊ शकते.

दिवाळखोरीचा कायदा म्हणजे काय, तो चकलांब्यातल्या माणसाच्या किती उपयोगाचा आहे आणि तो हाताशी नसेल तेव्हा दुसरे कोणते कायदे धरून उभे राहता येते, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

दिवाळखोरी म्हणजे नेमके काय होते

गावात दिवाळे निघणे म्हणजे अब्रू जाणे. कायद्यात ती एक ठरवून दिलेली प्रक्रिया आहे आणि तिच्या चार पायऱ्या आहेत. पहिली, स्थगिती: अर्ज मान्य झाला की एकेकट्या धनकोने वसुलीसाठी धावणे थांबते. दुसरी, हिशेब: कर्जदाराची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी न्यायालयासमोर मांडली जातात. तिसरी, वाटप: जगण्याला लागणाऱ्या वस्तू बाजूला ठेवून उरलेले धनकोंमध्ये कायद्याच्या क्रमाने वाटले जाते. चौथी, मुक्तता: एवढे करूनही जे देणे उरते त्यातून प्रामाणिक कर्जदाराला मोकळे केले जाते.

यातली चौथी पायरी सर्वांत मोलाची आहे. जन्मभर हप्ते भरूनही जे फिटणार नाही, ते कधीतरी संपले असे समाजाने जाहीर केले पाहिजे, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत १९८०च्या दशकात शेतकऱ्यांवर कर्जाचे मोठे संकट आले, तेव्हा १९८६ साली तिथल्या दिवाळखोरी कायद्यात कौटुंबिक शेती करणाऱ्यांसाठी ‘चॅप्टर १२’ हे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामावर चालते, म्हणून परतफेडीची योजनाही हंगामाच्या हिशेबाने आखण्याची मुभा त्यात आहे आणि जमीन कसत राहून कर्ज फेडता येते. इंग्लंडमध्ये २००४पासून सर्वसाधारण दिवाळखोर एका वर्षात मोकळा होतो. शेती तोट्यात जाऊ शकते, धंदा बसू शकतो, माणूस आजारी पडू शकतो, हे तिथल्या कायद्याने गृहीत धरले आहे.

आपल्याकडे हा विचार नवा नाही

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पाहता पाहता हा उठाव अहमदनगर जिल्ह्यात पसरला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. जागोजाग रोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळण्यात आले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता.

या कायद्याने तीन मोठ्या गोष्टी केल्या. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकणे बंद झाले. न्यायाधीशाला रोख्यावरचा आकडा जसाच्या तसा न स्वीकारता व्यवहाराच्या मुळाशी जाऊन मुद्दल किती आणि व्याज किती हे तपासण्याचा अधिकार मिळाला. आणि शेतकऱ्यासाठी नादारीचे स्वतंत्र प्रकरण कायद्यात आले.

बीड तेव्हा निजामाच्या मुलखात होते. गेवराईला लागून असलेल्या नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला जे संरक्षण होते ते हद्दीच्या अलीकडे नव्हते. मराठवाड्याचा कायद्याचा इतिहास पुढेही वेगळ्या वाटेने गेला. याचा आजच्या अर्जाशी काय संबंध आहे ते पुढे येईलच.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे महाराष्ट्र कर्जमुक्ती अधिनियम, १९७५. सीमान्त शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि मजूर यांची खासगी सावकारी कर्जे या कायद्याने एका फटक्यात संपवली आणि गहाण वस्तू परत करण्याचा हुकूम दिला. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ साली न्यायालयाने कायदा वैध ठरवला. गरिबाचे कर्ज रद्द करणे हा राज्यघटनेला धरून असलेला उपाय असू शकतो, हे तेव्हाच मान्य झाले आहे.

२०१६चा कायदा: कागदावर आहे, हातात नाही

संसदेने २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता केली. कंपन्यांच्या बातम्यांतून ती आपल्याला ठाऊक आहे. तिच्या तिसऱ्या भागात मात्र व्यक्तींसाठी तीन मार्ग लिहिलेले आहेत.

पहिला मार्ग ‘नवी सुरुवात’. अगदी गरीब कर्जदाराने अर्ज करायचा, तो मान्य झाला की १८० दिवस वसुली थांबते आणि शेवटी पात्र कर्जातून मुक्तता मिळते. दुसरा मार्ग तडजोडीचा: परतफेडीची योजना मांडायची आणि मूल्याच्या हिशेबाने तीन चतुर्थांशांहून अधिक धनकोंनी ती मान्य केली की ती सर्वांना बांधील होते. तिसरा मार्ग प्रत्यक्ष दिवाळखोरीचा. त्यात मालमत्ता विश्वस्ताकडे जाते आणि साधारण एका वर्षात कर्जदार मोकळा होतो.

संहितेने कर्जदाराजवळ ठेवायच्या गोष्टीही सांगितल्या आहेत: धंद्याची हत्यारे, घरातले सामान, आणि धार्मिक प्रथेप्रमाणे अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, ठरवून दिलेल्या मूल्यापर्यंत. मंगळसूत्राला कायद्यात जागा आहे, हे हप्त्यासाठी गळ्याकडे बोट दाखवले जाते तेव्हा बायांना माहीत असायला हवे.

पण १ डिसेंबर २०१९पासून हा तिसरा भाग फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी लागू झाला. कारखानदाराला तो मिळाला. शेतकरी, मजूर, शिक्षक, टपरीवाला यांच्यासाठी तो हे प्रकरण लिहीत असतानाही लागू झालेला नाही.

उद्या तो लागू झाला तरी ‘नवी सुरुवात’ची दारे किती अरुंद आहेत ते पाहा. अर्जदाराचे वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा जास्त नको, मालमत्ता २०,०००पेक्षा जास्त नको, पात्र कर्ज ३५,०००पेक्षा जास्त नको आणि मालकीचे घर नको. साठ हजार म्हणजे महिन्याला पाच हजार. आपल्या उदाहरणातल्या घराची नुसती उचलच ८०,००० आहे. ज्याला सरकारने घरकुल दिले तो त्याच घरकुलामुळे अपात्र ठरतो. २०१६ साली लिहिलेले हे आकडे बदलल्याशिवाय हा मार्ग ऊसतोड मजुराच्या उपयोगाला येणार नाही.

जुना कायदा अजून जिवंत आहे

नवा भाग लागू न झाल्याने व्यक्तींसाठी ब्रिटिशकालीन दोन कायदेच चालू आहेत. मुंबईसाठी १९०९चा आणि इतर भागांसाठी १९२०चा प्रांतिक नादारी कायदा. १९२०च्या कायद्याखाली ५०० रुपयांचे कर्ज असलेला, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात अटक वा जप्ती ओढवलेला कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. काम सर्वसाधारणपणे जिल्हा न्यायालयाकडे असते.

हा कायदा ब्रिटिश मुलखासाठी झाला होता आणि बीड त्यात नव्हते. म्हणून चकलांब्याच्या माणसाने बीडच्या जिल्हा न्यायालयातल्या वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा: माझा अर्ज कोणत्या कायद्याखाली आणि कोणापुढे दाखल होईल? उत्तर लेखी घेतल्याशिवाय फीचा पहिला हप्ता देऊ नये.

अर्ज मान्य झाला तर काय होते? मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, अटकेपासून संरक्षण मागता येते आणि पुढे मुक्ततेचा हुकूम मिळू शकतो. काय होत नाही, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. तारण घेतलेल्या बँकेचा तारणावरचा हक्क जात नाही. सरकारी देणे, फसवणूक करून घेतलेले कर्ज आणि पोटगी यांतून सुटका नाही. कर्जदार सुटला तरी त्याचा जामीनदार सुटत नाही.

आणखी एक इशारा. कर्ज अंगावर आले की भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावावर जमीन करून देण्याचा सल्ला पारावर फुकट मिळतो. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेले असे हस्तांतर न्यायालय रद्द करू शकते. शेवटच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकते माप देऊन केलेली फेडही उलटवता येते. मालमत्ता लपवणे हा तर गुन्हाच आहे. या कायद्याचा सगळा आधार कर्जदाराच्या प्रामाणिकपणावर आहे, म्हणून अर्जाआधीची अशी धडपड नेमकी त्याच्याच मुळावर येते.

आता एकेक कर्ज

*सावकाराचे.* आपल्या उदाहरणात ५०,०००वर महिन्याला २,५०० व्याज. वीस महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढे होते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के याहून जास्त व्याज घेता येत नाही. म्हणजे याच ५०,०००वर विनातारण व्याज वर्षाला ६,००० झाले असते. सावकार घेत होता ३०,०००. चक्रवाढ व्याजाला बंदी आहे. परवान्याविना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि असा सावकार न्यायालयात वसुलीचा दावा जिंकू शकत नाही.

एका एकराच्या खरेदीखताचे काय? मराठवाड्यात सावकारीचा हा जुना नमुना आहे. कागदावर गहाण लिहायचे नाही, सरळ विक्री लिहायची. ‘पैसे आणून द्या, उलटून देतो’ हे तोंडी. सातबाऱ्यावर नाव सावकाराचे आणि नांगर शेतकऱ्याचा. २०१४च्या कायद्याचे १८वे कलम यासाठीच आहे. जमीन प्रत्यक्षात कर्जाचे तारण म्हणून दिली होती हे चौकशीत सिद्ध झाले, तर सहकार खात्याचे जिल्हा निबंधक तो दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा हुकूम करू शकतात. रोख्याच्या मुळाशी जाण्याचा १८७९चा विचारच इथे पुन्हा दिसतो. अर्जाला मुदतीची मर्यादा आहे, म्हणून ‘पुढच्या साली बघू’ म्हणत थांबू नये. पुरावा म्हणून बँकेतून काढलेल्या रकमा, फोनवरचे संदेश, व्याज दिल्याच्या नोंदी, जमीन सतत आपणच कसतो हे सांगणारे शेजारी आणि पीकपाहणी, सगळे उपयोगी पडते. बाजारभावापेक्षा फारच कमी किमतीचा दस्त ही तर बोलकी खूण आहे.

अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा बीडला जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो. धमकी, मारहाण किंवा घरात घुसणे झाले तर प्रश्न पोलिसांचा आहे आणि चकलांब्याला पोलीस ठाणे गावातच आहे.

*मुकादमाची उचल.* एका कोयत्याची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीची, उचल आज पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आणि त्यापुढेही जाते. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी ती फिटत नाही. बाकी पुढच्या हंगामावर चढते. एक दिवस खाडा पडला तर दंड कापला जातो, आजारपणाची उसनवारी त्यातच मिळवली जाते. हिशेबाची वही एकट्या मुकादमाकडे असते. म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे: उसाच्या वजनाच्या पावत्या आणि मिळालेल्या पैशांची नोंद मजुराने स्वतःजवळ रोजच्या रोज ठेवायची. मोबाइलमध्ये फोटो काढला तरी चालतो.

सगळीच उचल बेकायदा नाही. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाता येत नाही, गाव सोडता येत नाही, बायको-मुलांना अडकवून ठेवले जाते, अशी परिस्थिती आली की तो व्यवहार वेठबिगारीत मोडतो. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ प्रमाणे असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. मजुराला सोडवण्याचे आणि त्याच्या पुनर्वसनाचे काम जिल्हाधिकाऱ्यांचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरी आहे. बीड जिल्ह्यातल्या मजुराने ही दोन वाक्ये पाठ करावीत, एवढी ती त्याच्या कामाची आहेत.

*गटाचे कर्ज.* रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२च्या नियमांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज. त्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त व्हायला नकोत. वसुलीसाठी सकाळी ९च्या आधी आणि संध्याकाळी ६नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणे याला मनाई आहे. ‘मॅडम, हप्ता घेतल्याशिवाय उठणार नाही’ म्हणत कोणी दिवे लागणीला ओट्यावर बसून राहिला तर तो नियम मोडतो आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल लागला नाही किंवा उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी दूरध्वनी क्रमांक १४४४८. हे कर्ज माफ होत नाही, पण हप्ते लांबवून मागण्याचा हक्क आहे आणि एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज काढणे हा सर्वांत महाग मार्ग आहे.

*पीककर्ज.* दुष्काळ, गारपीट, अतिवृष्टी यांत पीक ३३ टक्के किंवा अधिक बुडाल्याचे सरकारने जाहीर केले, तर पीककर्जाचे पुनर्गठन करता येते: थकलेले अल्पमुदत कर्ज काही वर्षांच्या हप्त्यांत बदलले जाते आणि पुढच्या हंगामाला नवे कर्ज मिळण्याची वाट उघडते. व्याज मात्र चालू राहते, हे समजून सही करावी. शेतजमिनीच्या तारणावर २००२च्या सरफेसी कायद्याचा बडगा चालत नाही. शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे, म्हणून बँकेला नुसती नोटीस चिकटवून शेत ताब्यात घेता येत नाही.

सरकारी कर्जमाफ्या आपल्याला माहीत आहेत: २००८ची केंद्राची, २०१७ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. त्यांनी अनेक घरांना श्वास दिला. पण या तिन्ही बँकांच्या आणि सहकारी संस्थांच्या कर्जापुरत्या होत्या. मुकादम, गट आणि शेकडा पाचवाला सावकार त्यांच्या बाहेरच राहिले. शिवाय माफी सरकारच्या मर्जीवर येते. तिच्या आशेवर खाते थकवून ठेवणाऱ्याच्या अंगावर मधल्या वर्षांचे व्याज चढत राहते.

*जामिनकी.* भारतीय करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्था आधी चुलतभावाच्या मागे लागेल आणि तो बुडाला तरच आपल्याकडे येईल, असा समज चुकीचा आहे. सहकार कायद्याच्या १०१व्या कलमाखाली वसुलीचा दाखला निघाला की जप्ती जामीनदारावरही येऊ शकते. चुलतभावाचे किती हप्ते थकले याची चौकशी जामीनदाराने दर तिमाहीला संस्थेत जाऊन करावी. त्यात भाऊबंदकीला उणेपणा नाही.

काय जप्त होत नाही, आणि तुरुंगाची भीती

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या ६०व्या कलमात एक यादी आहे. ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून ठेवावी, इतकी थोड्या लोकांना माहीत आहे. अंगावरचे आणि नेसायचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मप्रथेप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, पोटापाण्याला लागणारी गुरे आणि बियाणे, शेतकऱ्याचे किंवा मजुराचे राहते घर, मजुराची मजुरी. पैशाच्या हुकूमनाम्यात हे जप्त होऊ शकत नाही. तारण म्हणून लिहून दिलेल्या मालमत्तेची गोष्ट वेगळी, म्हणूनच राहते घर किंवा बैलजोडी तारण लिहून देण्याआधी दहादा विचार करावा.

तुरुंगाचे काय? हुकूमनाम्याची रक्कम २,०००पर्यंत असेल तर दिवाणी कैद होतच नाही. ५,०००हून अधिक असली तरी ती तीन महिन्यांपुरतीच आहे. बाईला पैशाच्या हुकूमनाम्यात अटकच करता येत नाही. आणि १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ऐपत असून मुद्दाम टाळणाऱ्यालाच कैद होऊ शकते. केवळ गरिबीमुळे देता न येणे हा तुरुंगात टाकण्याचा आधार नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा हा निकाल प्रत्येक कर्जदाराची ढाल आहे.

एक अपवाद मात्र गंभीर आहे: चेक. चेक न वटणे हा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या १३८व्या कलमाखाली फौजदारी गुन्हा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. सही केलेला कोरा चेक कोणालाही देऊ नये. नोटीस आली तर ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. ती घडी घालून कोनाड्यात ठेवू नये, त्याच दिवशी वकील गाठावा.

कर्त्याच्या मृत्यूनंतर वारसांवर काय येते? वारसाकडे आलेल्या मालमत्तेपुरतेच देणे त्याच्यावर येते, त्याच्या स्वतःच्या कमाईवर नाही. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे हा हिंदू कायद्यातला जुना नियम ९ सप्टेंबर २००५पासून नव्या कर्जांना लागू होत नाही. दहाव्या दिवसाच्या आत दारात येऊन विधवेकडून नव्या कागदावर अंगठा मागणाऱ्याला नकार देण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि तिने तो वापरावा.

कोणत्या क्रमाने पुढे जायचे

पहिले, सगळी देणी एका वहीत लिहावीत: कोणाचे, मुद्दल किती, आजवर दिले किती, कागद कोणता, तारण काय, जामीन कोण. दुसरे, प्रत्येक खात्याचा उतारा लेखी मागावा. तिसरे, गेवराईच्या तालुका विधी सेवा समितीकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतील सर्वांना वकील फुकट मिळतो. मदतीचा क्रमांक १५१००. चौथे, बेकायदा सावकारीची आणि वेठबिगारीची तक्रार आधी करावी, म्हणजे जे देणे मुळात लागूच नाही ते बाजूला पडते. पाचवे, उरलेल्या कर्जासाठी एकरकमी परतफेड किंवा लोकअदालतीत तडजोड मागावी. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तेवढाच आकडा कबूल करावा. एकरकमी तडजोडीची नोंद क्रेडिट अहवालात राहते आणि पुढचे कर्ज मिळायला अडचण येते, हेही आधी समजून घ्यावे. सहावे, पैसे भरल्यावर बेबाकी दाखला घ्यावा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बसलेला बोजा फेरफार करून उतरवून घ्यावा. हे शेवटचे काम राहून गेल्याने फिटलेले कर्ज जमिनीवर वर्षानुवर्षे दिसत राहते.

या सगळ्यात मन खचले, जिवाचे बरेवाईट करावे असे विचार येऊ लागले, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मराठीत बोलता येते. घरातल्या माणसाने तो लावून द्यावा. कर्जाच्या कोणत्याही प्रकाराला कायद्यात शेवट आहे, आणि त्या शेवटापर्यंत माणूस पोचला पाहिजे.

उदाहरणातल्या घराचा हिशेब आता वेगळा दिसतो. सावकाराकडे परवाना नसेल तर त्याचा दावा न्यायालयात टिकत नाही आणि एकर परत मागता येतो. उचलीचा हिशेब स्वतःच्या पावत्यांवर तपासता येतो. पीककर्जाला मुदत मागता येते, गटाच्या हप्त्यांना मर्यादा दाखवता येते. २,९५,०००चा डोंगर पुष्कळ कमी होतो. तरीही जे उरते त्यासाठी या घराला खऱ्या अर्थाने दिवाळखोरीचा कायदा हवा आहे आणि तो त्याला नाकारला गेला आहे. कंपनीच्या हमीदाराला २०१९ साली जे दार उघडले, ते ऊसतोड मजुराला का बंद असावे? संहितेचा तिसरा भाग सर्व व्यक्तींना लागू व्हायला हवा, उत्पन्नाच्या आणि कर्जाच्या मर्यादा आजच्या महागाईप्रमाणे वाढायला हव्यात, घरकुलाची अट जायला हवी आणि अर्ज तालुक्याच्या ठिकाणी स्वीकारला जायला हवा. केरळने २००६ साली शेतकऱ्यांसाठी कर्जमुक्ती आयोगाचा कायदा केला. महाराष्ट्राने १९७५ साली त्याहून मोठे पाऊल टाकले होते. लोकप्रतिनिधी मते मागायला चकलांब्यात येतात तेव्हा कर्जमाफीची तारीख विचारली जाते. तिच्या जोडीने हा प्रश्नही ठामपणे विचारला गेला पाहिजे: आमच्यासाठी दिवाळखोरीचा कायदा कधी लागू करणार?